गर्भाशय-उच्छेदन आणि निरोगी बीजांडकोशांचा प्रश्न : एक विवेचन

प्रस्तावना :

गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला मराठी बोलीत ‘पिशवी काढणे’ असे म्हणतात. ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांवर घरातील चर्चा संपते. नातेवाईक भेटीला येतात, टाक्यांची विचारपूस करतात आणि जड उचलू नको असे बजावून परततात. त्या पिशवीबरोबर तिच्या दोन्ही अंगांस असलेले बीजांडकोशही काढले गेले काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. जिच्यावर शस्त्रक्रिया झाली तिलाही त्याचे उत्तर पुष्कळदा ठाऊक नसते. रुग्णालयाच्या कागदावर मात्र ‘टीएएच विथ बीएसओ’ अशी अक्षरे असतात. त्यांतील पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ पोटावर छेद घेऊन संपूर्ण गर्भाशय काढणे असा आहे, तर पुढील तीन अक्षरांचा अर्थ दोन्ही बाजूंच्या गर्भनलिका व दोन्ही बीजांडकोश काढणे असा आहे. पहिल्या तिहींचे कारण बहुधा स्त्रीला सांगितलेले असते. पुढील तिहींचे कारण, बीजांडकोश निरोगी असतील तर, ‘आता त्यांचा उपयोग तो काय, उगाच उद्या कर्करोग व्हायचा’ एवढेच असते. हे कारण कितपत ग्राह्य आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. संशयास्पद गाठ किंवा कर्करोग असलेल्या बीजांडकोशाचा विचार येथे अभिप्रेत नाही.

दोन अवयव, दोन कार्ये :

गर्भाशय हा गर्भाचे धारण-पोषण करणारा स्नायुमय अवयव होय. तो काढल्यावर मासिक पाळी थांबते व अपत्यप्राप्ती शक्य राहत नाही. परंतु त्यामुळे रजोनिवृत्ती येत नाही. रजोनिवृत्ती ही बीजांडकोशांशी निगडित घटना आहे. बदामाएवढ्या आकाराचे हे दोन अवयव (शालेय पुस्तकांत त्यांना अंडाशय म्हटले आहे) बीज परिपक्व करतात, आणि त्याचबरोबर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व काही प्रमाणात टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके रक्तात सोडतात. इस्ट्रोजेनचा परिणाम हाडे, रक्तवाहिन्या, मेंदू, त्वचा व मूत्रमार्ग या सर्वांवर होतो. पाळी थांबणे ही एकच बाह्य खूण दोन्ही प्रसंगी समान दिसत असल्याने लोकव्यवहारात या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. ‘पिशवी गेली म्हणजे सगळे गेले’ ही समजूत त्याच गल्लतीतून आलेली आहे.

नैसर्गिक रजोनिवृत्तीत बीजांडकोशांचे कार्य काही वर्षांच्या अवधीत मंदावत जाते. शस्त्रक्रियेने ते काढले असता इस्ट्रोजेनची पातळी काही दिवसांतच खाली येते. अंगाची लाही होणे, रात्री घामाने भिजणे, निद्रानाश, योनिमार्गाची कोरड ही लक्षणे म्हणून अशा स्त्रियांत अधिक तीव्र असतात. शिवाय नैसर्गिक रजोनिवृत्तीनंतरही बीजांडकोश अगदी निकामी होत नाहीत. त्यांतून टेस्टोस्टेरॉन व तत्सम संप्रेरके पुढे कित्येक वर्षे अल्प प्रमाणात स्रवत राहतात व शरीरातील मेदात त्यांचे काही अंशी इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते. तेव्हा ‘आता त्यांचा उपयोग तो काय’ या प्रश्नाला शरीरशास्त्राने दिलेले उत्तर प्रश्नकर्त्याच्या अपेक्षेहून मोठे आहे.

येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. बीजांडकोश राखले तरी ते पूर्वीइतकेच टिकतील असे खात्रीने म्हणता येत नाही. त्यांना रक्तपुरवठा दोन बाजूंनी होतो. एक रोहिणी थेट महारोहिणीतून येते, तर दुसरी शाखा गर्भाशयाच्या रोहिणीतून वर जाते. गर्भाशय काढताना ही दुसरी शाखा बांधावी लागते. बहुधा यामुळे, बीजांडकोश राखलेल्या स्त्रियांनाही रजोनिवृत्ती इतरांपेक्षा काहीशी लवकर येते. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चार वर्षांच्या निरीक्षणानंतर गर्भाशय काढलेल्या स्त्रियांपैकी १४.८ टक्के, तर न काढलेल्यांपैकी ८ टक्के स्त्रियांचे बीजांडकोश निकामी झाल्याचे आढळले. पाळीची खूण उरलेली नसल्यामुळे हा बदल त्या स्त्रीच्या लक्षातही येत नाही. राखलेले बीजांडकोश हे अशा प्रकारे थोड्या कमी मुदतीचे असू शकतात. पण कमी मुदत आणि मुदतच नसणे यांतील अंतर पुष्कळ आहे.

निरोगी बीजांडकोश काढण्याची परंपरा :

निरोगी बीजांडकोशांवर शस्त्र चालविण्याची प्रथा आजची नाही. अमेरिकेतील केंटकी प्रांतात १८०९ साली एफ्रेम मॅकडॉवेल या शल्यविशारदाने बीजांडकोशाची प्रचंड गाठ काढून रुग्णास वाचविले. ती शस्त्रक्रिया भूल देण्याचा शोध लागण्यापूर्वीची होती आणि तिचे कारण निर्विवाद होते. त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी, १८७२ साली, जॉर्जिया प्रांतातील रॉबर्ट बॅटी यांनी गाठ नसलेले बीजांडकोश काढण्यास आरंभ केला. पाळीच्या तक्रारी, वेदना आणि पुढे पुढे तर ‘हिस्टेरिया’ व मनोविकार यांवरचा उपाय म्हणून ती शस्त्रक्रिया युरोप-अमेरिकेत काही दशके चालली. विसाव्या शतकात ही कारणे मागे पडली व त्यांची जागा कर्करोगाच्या प्रतिबंधाने घेतली. पोट उघडलेच आहे तर पुढचा धोकाही दूर करावा, असा हा युक्तिवाद होता. तो वरकरणी तर्कशुद्ध आहे. बीजांडकोशाचा कर्करोग उशिरा लक्षात येतो, त्यासाठी विश्वसनीय चाळणी-तपासणी उपलब्ध नाही, आणि निदान झाले तोवर तो पोटात पसरलेला असतो. ही भीती कोणी निराधार म्हणू शकणार नाही. प्रश्न एवढाच की, तो धोका किती आणि तो टाळण्याचे मोल किती.

धोक्याचे मोजमाप :

कौटुंबिक इतिहास नसलेल्या स्त्रीला आयुष्यभरात बीजांडकोशाचा कर्करोग होण्याची शक्यता पाश्चात्त्य देशांत शंभरांत सव्वा ते दीड एवढी आहे. भारतात ती याहून कमी आहे. दुसऱ्या पारड्यात काय पडते, हे समजण्यासाठी अमेरिकेतील परिचारिकांच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास फार उपयुक्त ठरला. विल्यम पार्कर व सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या त्याच्या विश्लेषणात गर्भाशय काढलेल्या ३०,११७ स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी १६,९१४ जणींचे दोन्ही बीजांडकोश काढले होते व १३,२०३ जणींचे राखले होते. अठ्ठावीस वर्षांच्या काळात बीजांडकोशाच्या कर्करोगाने पहिल्या गटात ४ व दुसऱ्या गटात ४४ स्त्रिया मृत्यू पावल्या. म्हणजे बीजांडकोश काढण्याचा हेतू सफल झाला, हे मान्य करावयास हवे. परंतु हे ४४ मृत्यू १३,२०३ स्त्रियांत झालेले आहेत, म्हणजे सुमारे तीनशे स्त्रियांमागे एक. त्याच काळात सर्व कारणांनी मिळून झालेल्या मृत्यूंचे प्रमाण बीजांडकोश काढलेल्यांत १६.८ टक्के आणि राखलेल्यांत १३.३ टक्के होते. वय व इतर घटक लक्षात घेऊन केलेल्या गणितातही काढलेल्या गटाचा मृत्युधोका १३ टक्क्यांनी अधिक राहिला. ज्यांचे वय शस्त्रक्रियेच्या वेळी पन्नाशीच्या आत होते व ज्यांनी इस्ट्रोजेन कधीच घेतले नाही, त्यांच्यात हा धोका ४१ टक्क्यांनी वाढलेला आढळला. एका दुर्मीळ रोगापासून संरक्षण मिळाले. पण त्याची किंमत हृदयविकारासारख्या अधिक सामान्य रोगांच्या रूपाने चुकवावी लागली, असा याचा अर्थ होतो.

इंग्लंडमधील ३५ ते ४५ वयोगटातील १,१३,६७९ स्त्रियांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एक-तृतीयांश स्त्रियांचे दोन्ही बीजांडकोश काढलेले होते. ज्यांचे बीजांडकोश राखले त्यांच्यात हृदयविकारामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे व मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ साली दाखविले की, रजोनिवृत्तीपूर्वी बीजांडकोश गमावलेल्या स्त्रियांत उतारवयात स्मरणशक्ती व आकलन क्षीण होण्याचा धोका अधिक असतो आणि शस्त्रक्रिया जितक्या लहान वयात झाली तितका तो वाढतो.

हे सर्व अभ्यास निरीक्षणात्मक आहेत, ही त्यांची मर्यादा होय. चिठ्ठ्या टाकून काही स्त्रियांचे बीजांडकोश काढणे व काहींचे राखणे असा मोठा प्रयोग झालेला नाही. ज्यांचे बीजांडकोश काढले जातात त्या स्त्रिया मुळातच अधिक आजारी असण्याचा संभव असतो. गणिताने हा फरक काही अंशीच दूर होतो. म्हणून १३ टक्के किंवा ४१ टक्के हे आकडे काटेकोर मानण्यापेक्षा दिशादर्शक मानावेत. दिशा मात्र, तरुण वयापुरती तरी, निरनिराळ्या देशांतून एकच दिसते.

वयाची सीमारेषा :

खरा मतभेद आहे तो वयाच्या सीमारेषेविषयी. पार्कर यांनी २००५ साली मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार सर्वसाधारण धोका असलेल्या स्त्रीने पासष्टाव्या वर्षापर्यंत बीजांडकोश राखणे हितावह ठरत होते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील २,००,५४९ स्त्रियांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला तेव्हा ही रेषा अलीकडे सरकली. पंचेचाळीस वर्षांखालील स्त्रियांत दोन्ही बीजांडकोश काढल्याने मृत्युधोका ३१ टक्क्यांनी, तर ४५ ते ४९ या वयात १६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पन्नाशीनंतर मात्र अशी वाढ आढळली नाही. यावरून पन्नाशीच्या आत निरोगी बीजांडकोश राखावेत आणि पन्नाशीनंतर दोन्ही पर्याय चर्चेस खुले ठेवावेत, असा निष्कर्ष काढणे योग्य दिसते.

तथापि ही वये पाश्चात्त्य स्त्रियांची आहेत. तेथे नैसर्गिक रजोनिवृत्ती सरासरी एक्कावन्नाव्या वर्षी येते, तर भारतात ती सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते. परदेशी अभ्यासातील ‘पन्नास’ हा आकडा आपल्याकडे जशाच्या तसा लावावा की त्यातून चार वर्षे वजा करावीत, असा प्रश्न यातून उद्भवतो. अमुक वय म्हणण्यापेक्षा रजोनिवृत्ती झाली आहे की नाही हे विचारणे अधिक सयुक्तिक होईल. अर्थात आपल्याकडील अडचण ही पन्नाशीच्या अलीकडची वा पलीकडची नाहीच.

महाराष्ट्रातील वास्तव :

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) गर्भाशय काढण्याविषयीची माहिती प्रथमच देशपातळीवर गोळा झाली. १५ ते ४९ वयोगटातील ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते व शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यक वय ३४ वर्षे होते. यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या. चौतीस हे वय बीजांडकोशांच्या दृष्टीने भर उमेदीचे आहे. गर्भाशय कधी, कोठे व का काढले, हे सर्वेक्षणाने विचारले. बीजांडकोशांचा प्रश्न त्यात नव्हता. शासकीय प्रश्नावलीदेखील ‘पिशवी’पाशीच थांबली, असे म्हणावे लागते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आलेल्या पाहणीनुसार ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. हे प्रमाण शंभरांत जवळजवळ सतरा पडते. हंगामात मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’ कारखान्याच्या परिसरात जातो. पाळीच्या दिवसांत काम झाले नाही तर खाडा धरला जातो. फडात ना पाणी, ना आडोसा. अंगावरून पांढरे जाणे वा पोटदुखी यांसारख्या तक्रारी घेऊन गेलेल्या स्त्रीला कर्करोगाची भीती घातली गेली, अशा तक्रारी त्या काळात वारंवार पुढे आल्या. जी भीती गर्भाशयाबाबत घालता येते ती बीजांडकोशांबाबत घालणे त्याहून सोपे असते.

या ठिकाणी इस्ट्रोजेनचा मुद्दा पुन्हा विचारात घ्यावा लागतो. बीजांडकोश लहान वयात काढावेच लागले तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, असे आज वैद्यकात सर्वसाधारणपणे मानले जाते. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाचा संयुक्त संप्रेरकांचा भाग २००२ साली मध्येच थांबविल्यानंतर संप्रेरकांविषयी जी धास्ती पसरली, ती सरसकट सर्वांना लागू झाली. वास्तविक त्याच अभ्यासातील गर्भाशय काढलेल्या स्त्रियांच्या स्वतंत्र गटात केवळ इस्ट्रोजेन घेतल्याने पक्षाघाताचा धोका वाढला असला, तरी स्तनांचा कर्करोग वाढलेला दिसला नाही. शिवाय त्या स्त्रिया पन्नास ते एकोणऐंशी वर्षे वयाच्या होत्या. पस्तिशीतील स्त्रीला तो दाखला लावणे गैर आहे. पण कागदावर सुचविलेली ही गोळी दहा-बारा वर्षे अखंड कोण घेणार? वर्षातील सहा महिने फडावर राहणाऱ्या स्त्रीला गोळीची किंमत, नियमित तपासणी आणि हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी यांपैकी काय परवडणार? परिचारिकांच्या अभ्यासात सर्वांत वाईट परिणाम झाला तो इस्ट्रोजेन न घेतलेल्या स्त्रियांवर. तेव्हा औषध मिळण्याची शक्यता जितकी कमी, तितके निरोगी बीजांडकोश राखण्याचे कारण अधिक बळकट होते. व्यवहारात मात्र नेमके याच्या उलट घडण्याचा संभव अधिक असतो.

काढणे केव्हा उचित ठरते :

बीजांडकोश कधीच काढू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या स्त्रीला बीजांडकोशाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरांत चाळीसच्या आसपास असते. बीआरसीए-२ मध्ये ती दहा ते वीसच्या दरम्यान असते. अशा स्त्रियांना अपत्ये झाल्यावर, पहिल्या दोषात पस्तीस ते चाळीस व दुसऱ्यात चाळीस ते पंचेचाळीस या वयात दोन्ही बीजांडकोश व नलिका काढण्याचा सल्ला दिला जातो आणि तो रास्त आहे. म्हणून आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणास स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता काय, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी विचारलाच पाहिजे. घरात ‘पोटात पाणी होऊन गेली’ एवढेच सांगितले जाते. त्यामागे कोणता रोग होता याचा शोध घ्यावा लागतो. तीव्र एंडोमेट्रिओसिसमध्येही वेदना परत येऊ नयेत म्हणून बीजांडकोश काढण्यास सबळ कारण असू शकते. राखलेल्या बीजांडकोशावर पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत शंभरांत तीन ते नऊ असे आढळते, हेही स्त्रीला सांगितले पाहिजे.

एका बाजूचा बीजांडकोश राखणे हा मधला मार्गही आहे. एक बीजांडकोश सदोष असेल तर दुसरा संप्रेरकांची गरज बहुतांशी भागवितो. त्यामुळे ‘एक खराब म्हणून दोन्ही’ हा न्याय लागू पडत नाही. गंमत अशी की, निर्णय कधी कधी शस्त्रक्रियेच्या मार्गावरच ठरून जातो. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीसाठी योनिमार्गे गर्भाशय काढताना बीजांडकोशांपर्यंत पोहोचणे अवघड असल्याने ते बहुधा राहून जातात. पोट उघडले की ते समोर दिसतात, आणि जातात.

गेल्या दोन दशकांत या वादाला एक नवे वळण मिळाले आहे. बीजांडकोशाचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्वांत घातक प्रकारच्या कर्करोगाचा उगम पुष्कळदा गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी होतो, असे दिसून आले. यावरून गर्भाशय काढताना नलिका काढाव्यात व बीजांडकोश राखावेत, असा विचार पुढे आला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून त्याचा पद्धतशीर पुरस्कार झाला. तेथील २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नलिका काढलेल्या गटात या प्रकारच्या कर्करोगाचे सुमारे पाच रुग्ण अपेक्षित होते. प्रत्यक्षात एकही आढळला नाही. निरीक्षणाचा काळ अद्याप अल्प आहे. तरीही ‘कर्करोगाचे भय की संप्रेरकांची हानी’ या जुन्या पेचातून सुटण्याचा एक मार्ग यामुळे दिसू लागला आहे. अपत्यप्राप्तीनंतर नलिकांना अन्य कार्य उरत नाही. ‘त्यांचा उपयोग तो काय’ हा प्रश्न विचारायचाच तर तो नलिकांविषयी विचारता येईल.

संमतीचा प्रश्न :

या निर्णयाची कायदेशीर बाजू सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या एका निकालात स्पष्ट झाली. दिल्लीतील एक ४४ वर्षीय अविवाहित स्त्री १९९५ साली दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली होती. संमतिपत्रात दुर्बिणीची तपासणी व शस्त्रक्रिया आणि गरज पडल्यास पोट उघडणे एवढेच नमूद होते. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय, नलिका व दोन्ही बीजांडकोश काढण्यात आले. न्यायालयाने म्हटले की, रुग्ण सज्ञान व सक्षम होती. ती शुद्धीवर येण्याची वाट पाहणे शक्य होते. जीव वाचविण्याची तातडी नव्हती. म्हणून आईची संमती ग्राह्य नाही. तपासणीस दिलेली संमती उपचारास लागू होत नाही. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या हिताची होती, हा बचावही मान्य झाला नाही. भरपाई २५,००० रुपयांची मिळाली. ही रक्कम फारच अल्प वाटते. परंतु उपचाराचे स्वरूप, पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम सांगितल्यावाचून घेतलेली संमती खरी नव्हे, हे तत्त्व या निकालाने देशात प्रस्थापित झाले. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविरुद्धच्या जनहित याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय देताना याच न्यायालयाने केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले.

व्यवहारात संमतिपत्रावर पतीची वा मुलाची सही घेण्याची प्रथा आहे. सज्ञान स्त्रीच्या स्वतःच्या संमतीची जागा ती सही घेऊ शकत नाही. शिवाय संमतिपत्रात गर्भाशय, नलिका, उजवा बीजांडकोश व डावा बीजांडकोश यांचा स्वतंत्र उल्लेख मराठीत असणे आणि प्रत्येकापुढे ‘काढावा’ किंवा ‘राखावा’ असे लिहिलेले असणे मुळीच अवघड नाही. पोट उघडल्यावर अनपेक्षित गाठ दिसल्यास काय करावे, हेही त्याच कागदावर आधी ठरवून ठेवता येते.

ज्यांची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली आहे व काय काढले हे ज्यांना ठाऊक नाही, अशा स्त्रियांनाही ते शोधता येते. डिस्चार्ज कार्डावरील शस्त्रक्रियेचे नाव आणि काढलेल्या अवयवांचा पॅथॉलॉजीचा अहवाल या दोन कागदांवर त्याची नोंद असते. कागद हरवले असल्यास पोटाच्या सोनोग्राफीने बीजांडकोश आहेत की नाहीत याचा बहुधा अंदाज येतो. रजोनिवृत्तीनंतर ते आक्रसत असल्याने मात्र ते दिसतीलच असे नाही. चाळिशीच्या आतील स्त्रीचे ते नसल्याचे आढळले, तर इस्ट्रोजेन, हाडांची घनता, रक्तदाब व रक्तातील चरबी यांविषयी स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलणे, शस्त्रक्रियेला पाच वर्षे लोटली असली तरी, निरुपयोगी ठरत नाही.